दुमजली घर, कुत्रा, मांजरी आणि रोबो व्हॅक्यूम : पुण्यातले अनुभव हवेत

रानजाई

नमस्कार मंडळी. बाणेरला आमचं रो-हाऊस आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आईची खोली, वर दोन बेडरूम आणि गच्चीला लागून एक छोटी खोली. घरात शेरू हा देशी कुत्रा आणि दोन मांजरी. आसपास इमारतींची कामं चालू आहेत, त्यामुळे सकाळी पुसलेल्या फरशीवर दुपारी बोट फिरवलं तरी रेघ उमटते. त्यात शेरूची केसगळ. ऊन तापायला लागलं की जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात केसांचे पुंजके जमतात. आईला धुळीची ॲलर्जी आहे आणि गुडघ्यांमुळे तिला वाकणं जमत नाही. कामाला मावशी येतात आणि त्या येत राहतीलच. पण त्या सकाळी येऊन गेल्या की दुसऱ्या सकाळपर्यंत घर कसं सांभाळायचं, हा प्रश्न आहे.

रोबो व्हॅक्यूम घ्यायचं मनात आहे. दुकानात विचारलं की पास्कलचे, म्हणजे यंत्राच्या ओढीच्या जोराचे, आकडे ऐकवतात, कुणी पाच हजार, कुणी वीस हजार. जिन्याचं, दोन मजल्यांचं आणि प्राण्यांचं विचारलं की नीट उत्तर मिळत नाही. जिन्यावरून पडतं का? एकच यंत्र दोन्ही मजल्यांना पुरतं का? जनावरं घाबरतात का? ज्यांच्या घरी आहे त्यांनी सविस्तर लिहा. घेऊ नये असं वाटत असेल तर तेही सांगा.

सहकारनगरकर

जिन्याचं आधी सांगतो, कारण धास्ती सगळ्यांना त्याचीच असते.

या यंत्रांच्या पोटाखाली कडेकडेने इन्फ्रारेड सेन्सर असतात. ते खाली प्रकाश सोडतात. फरशीवरून तो परत आला तर पुढे जायचं, नाही आला तर पुढे खड्डा आहे असं समजून मागे फिरायचं. सेन्सर स्वच्छ असतील तर यंत्र पायरीच्या तोंडाशी येतं, पुढचा भाग जरासा कडेबाहेर डोकावतो आणि ते वळतं. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो, पण वळतं. आठवड्यातून एकदा मऊ कोरड्या फडक्याने ते सेन्सर पुसायचे. पुण्याच्या धुळीत ही सवय लावून घ्यावीच लागते.

आमच्यासारख्या जुन्या बंगल्यांत अडचण उलट्या बाजूने येते. हॉलमध्ये पांढरी मोझेक आणि भिंतीलगत काळ्या कडप्प्याची पट्टी. काळा दगड प्रकाश शोषतो, परत फार थोडा येतो, आणि यंत्राला सपाट जमिनीवरच खड्डा दिसतो. त्या पट्टीपाशी ते अडतं, आणि भिंतीच्या कडेची धूळ, म्हणजे जिथे खरी धूळ साचते तीच, तशीच राहते. घरात कडप्पा, काळा ग्रॅनाइट किंवा गडद गालिचा असेल तर घेण्याआधी दुकानदाराला घरी आणून दाखवायला सांगा.

इंटरनेटवर यावर एक तोडगा फिरतो, सेन्सरवर पांढरी चिकटपट्टी लावायचा. एकमजली फ्लॅटमध्ये कुणी करत असेल तर करो. जिना असलेल्या घरात हे कधीही करू नका. तेच सेन्सर त्याला पायरीवर थांबवत असतात.

टेकडीवाला

सहकारनगरकरांशी सहमत. त्यात थोडी भर.

लायडारवाल्या, म्हणजे लेझरने अंतर मोजून घराचा नकाशा काढणाऱ्या, यंत्राच्या डोक्यावर जी घुमटी असते तिच्यातला लेझर आडवा फिरतो. त्याला वर जाणाऱ्या पायऱ्या भिंतीसारख्या दिसतात, म्हणून खालच्या मजल्यावर जिन्याचा त्रास नाही. वरच्या मजल्यावर मात्र जिन्याची पोकळी त्याला मोकळी जागा वाटते. नकाशात तिथे एक विचित्र, पिसाट रेषांची खोली उमटलेली दिसेल. ॲपमध्ये त्या तोंडावर आडवी बंदीरेषा, म्हणजे यंत्राने ओलांडायची नाही अशी रेषा, मारायची. तेवढ्यावर विसंबू मात्र नका, कारण ती रेषा नकाशातली आहे आणि यंत्राचा स्वतःच्या जागेचा अंदाज कधीतरी चुकतो. कुत्रा धसमुसळा असेल आणि त्याने पंजाने यंत्र ढकललं तर सेन्सर काय करणार? म्हणून वरच्या मजल्यावर जिन्याला लहान मुलांसाठी लावतात तसं छोटं फाटक लावा. शेरूसाठीही उपयोगी पडेल.

तुमचा जिना खालून उघडा, म्हणजे नुसत्या फळ्यांचा आहे का? असेल तर सगळ्यात खालच्या दोन पायऱ्यांखाली यंत्र घुसून अडकेल. तिथेही बंदी टाका.

आता दोन मजल्यांचं. बहुतेक मधल्या किमतीच्या यंत्रांत तीन-चार मजल्यांचे नकाशे साठवता येतात. डॉक, म्हणजे यंत्राचा चार्जिंगचा तळ, एकाच मजल्यावर राहतो. वर काम करायचं असेल तर यंत्र उचलून न्यायचं, सपाट जागी ठेवायचं, ॲपमध्ये वरचा नकाशा निवडायचा आणि सुरू करायचं. काम झालं की जिथून निघालं तिथे ते परत येऊन थांबतं, मग उचलून खाली आणायचं. काही मॉडेलांत नवा नकाशा जतन व्हायला डॉकवर परतावं लागतं, तेव्हा पहिल्या वेळी डॉकसुद्धा वर न्या. प्रत्येक वेळी ठरलेल्या एकाच जागेवरून सुरुवात केली तर स्वतःला ओळखायला त्याला वेळ लागत नाही. चालू असताना उचलू नका, आधी ॲपमधून थांबवा.

वायफायचंही बघून ठेवा. ही यंत्रं बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटर खालच्या हॉलमध्ये आणि वर मागच्या बेडरूममध्ये सिग्नल नाही, अशी रो-हाऊसमध्ये नेहमीची तऱ्हा असते. सिग्नल गेला तरी यंत्र काम पुरं करतं, पण तुम्हाला फोनवर ते कुठे अडकलंय हे कळत नाही.

ओंजळ

जिना चढणारे रोबो आलेत म्हणे?

टेकडीवाला

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या ईफा या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात ड्रीमी आणि युफी या दोन कंपन्यांनी तशी यंत्रं दाखवली. युफीचा प्रकार म्हणजे रोबोला पोटात घेऊन जिना चढणारं वेगळं वाहन. कल्पना चांगली आहे. पण आज घर झाडायचंय त्यांनी त्यासाठी थांबू नये. शिवाय ती मजला बदलतात, पायऱ्यांवरचे केस तसेच राहतात. पायऱ्यांना हातात धरायचा छोटा कॉर्डलेस व्हॅक्यूम किंवा आपला झाडूच.

चिकूची_आई

रानजाई ताई, आमच्याकडे लॅब आणि एक मांजर आहे, पिंपळे सौदागरला डुप्लेक्स. प्राण्यांबद्दल लिहिते, कारण या विषयाला लोक सर्वात कमी वेळ देतात.

यंत्र आणल्या दिवशी चालू करू नका. खोक्यातून काढून, बंदच, हॉलमध्ये त्याच्या जागी ठेवा आणि कुत्र्याला मनसोक्त वास घेऊ द्या. चिकूने आधी लांबून मान तिरकी करून पाहिलं, मग जवळ येऊन चाकांपासून घुमटीपर्यंत सगळं हुंगलं आणि शेजारी आडवी झाली. मग दुसऱ्या खोलीत, दार लावून, सगळ्यात हळू आवाजाच्या मोडवर चालवलं. आवाज ओळखीचा झाल्यावरच तिच्यासमोर. ती शांत राहिली की शाबासकी, भुंकली की यंत्र थांबवून तिला बाजूला न्यायचं, ओरडायचं नाही. एक गोष्ट कटाक्षाने टाळा: यंत्रावर खाऊ ठेवणं. कुत्र्याला ते ताट वाटायला लागतं आणि मग तो त्याच्यावर पंजे मारतो.

मांजराला उंच जागा लागते. यंत्र फिरत असताना तिला कपाटावर, खिडकीत कुठेतरी बसून बघता आलं पाहिजे. आमची मांजर आता डॉकवर बसते, पण तिला तिथवर यायला तिचा वेळ दिला. यंत्राने तिला कोपऱ्यात गाठलंय असं कधी होऊ द्यायचं नाही. खाण्याची भांडी, पाण्याचं भांडं आणि लिटरचा डबा या तिन्हींभोवती बंदीची चौकट टाका. पाण्याचं भांडं सांडलं तर यंत्र पाणी ओढतं, आणि यांची ओढ कोरड्या कचऱ्यासाठीच असते, मोटर जाते.

आता शी. पिल्लू असेल, म्हातारा कुत्रा असेल, पोट बिघडलेलं असेल, तर घरी माणूस नसताना यंत्र चालू ठेवायचंच नाही. शीवरून गेलं की ब्रश, चाकं, कचऱ्याची वाट सगळं भरतं आणि ते नीट रांगा आखत घरभर फिरवतं. कॅमेऱ्याने शी ओळखणारी मॉडेलं आहेत. २०२१ मध्ये आयरोबोट कंपनीने जे७+ हे मॉडेल आणलं तेव्हा घट्ट शी टाळण्यात चुकलं तर यंत्र बदलून देऊ असं वचनच दिलं होतं. पण पातळ शी, शू, मांजराची केसांच्या गोळ्याची उलटी, हे ओळखण्याची खात्री धरू नका. अंधारात कॅमेरा आणखी कमी बघतो. म्हणून रात्रीचं वेळापत्रक नको. सकाळी कुत्रा फिरून आला, घरभर एक नजर टाकली, की मगच सुरू करा.

ओंजळ

वाचनखूण साठवली. कॅमेऱ्याच्या यंत्रांबद्दल मला वेगळी काळजी आहे, घरातली चित्रं कुठे जातात ही. आमच्या घरी सासूबाई दिवसभर एकट्या असतात, म्हणून आम्ही कॅमेरा नसलेलं लायडारचं घेतलं. समोर पडलेली वायर त्याला दिसत नाही, चार्जरची वायर उचलून ठेवावी लागते. ते चालतं.

पशुवैद्य_कोथरूड

मी पाळीव प्राण्यांवर उपचार करते. दोन गोष्टी लिहिते, यातली पहिली फार महत्त्वाची आहे.

मॉपवाल्या, म्हणजे ओल्या कापडाने फरशीही पुसणाऱ्या, यंत्राच्या पाण्याच्या टाकीत फिनाईल घालू नका. काळंही नको आणि पांढरंही नको. मांजराच्या यकृतात फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करण्याची क्षमता फार कमी असते. ओल्या फरशीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं, आणि सगळं पोटात जातं. पांढऱ्या फिनाईलमध्ये पाइनचं तेल असतं, तेही मांजराला घातक. मावशी बादलीत टोपणभर घालून पुसतात तेव्हाही हेच लागू आहे, पण रोबोच्या बाबतीत धोका वाढतो, कारण ते पलंगाखाली, सोफ्यामागे, म्हणजे नेमकं मांजराच्या झोपायच्या जागी पुसतं. साधं पाणी पुरेसं आहे. कंपनीने त्या यंत्रासाठी दिलेलं द्रावण वापरायचं असेल तर त्यावरची माहिती वाचून, प्रमाणातच. मुंग्यांचा खडू ओढला असेल तर त्या भागात मॉप फिरवू नका, ती पावडर पाण्यात कालवून सगळीकडे लागते.

दुसरी गोष्ट पिसवांची. एखाद्या घरात पिसवा झाल्या की प्राण्याच्या अंगावर दिसतात त्या एकूण संख्येच्या साधारण ५ टक्के. निम्म्या अंड्यांच्या रूपात असतात, बाकी अळ्या आणि कोष, आणि ते फरशीच्या फटीत, गालिच्यात, पलंगाखाली असतात. म्हणून रोज व्हॅक्यूम होणं हा उपचाराचाच भाग आहे. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि औषध लावलेल्या प्राण्यावर जाऊन मरतात. पहिले काही दिवस पिसवा वाढल्यासारख्या वाटल्या तरी थांबू नका. कचऱ्याचा डबा रोज घराबाहेर, पिशवीत बांधून टाका. गोचिडांवर मात्र याचा भरवसा नको. त्या भिंतीवर चढतात, दाराच्या चौकटीच्या फटीत राहतात. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं औषध वेळेवर लावणं हाच उपाय.

रानजाई

डॉक्टर, मनापासून आभार. फिनाईलचं मला अजिबात माहीत नव्हतं. आजच मावशींशी बोलते.

टेकडीवाला, जिना बंदिस्त आहे. यंत्राचं वजन किती असतं? आईला उचलता येणार नाही आणि मी दिवसभर हिंजवडीला असते. दोन स्वस्त यंत्रं घ्यावीत की एक चांगलं?

चिकूची_आई

वजन साधारण साडेतीन-चार किलो. जिन्यावरून नेणं आईंना सांगूच नका.

मी दोन घ्या म्हणेन. उचलण्याचा उत्साह सुरुवातीला असतो, नंतर वरचा मजला तसाच राहतो. वर साधं, नुसतं झाडणारं ठेवा.

टेकडीवाला

माझं मत वेगळं आहे. प्राण्यांच्या घरात पैसा जायला हवा तो ब्रशवर आणि आपोआप रिकामा होणाऱ्या डॉकवर. यंत्राचा डबा जेमतेम अर्ध्या लिटरच्या आतबाहेरचा. केसगळीच्या दिवसांत एका मजल्यातच तो गच्च भरतो, आणि डबा भरला की यंत्र फिरतं पण ओढत नाही. घरी आई एकट्या असतील तर तो डबा उघडून झटकणार कोण? उघडताना उडालेली धूळ त्यांच्याच नाकात जाणार. डॉकमधल्या पिशवीत अडीच-तीन लिटर मावतं, बंद पिशवी उचलून टाकता येते. ॲलर्जीवाल्या घरात खर्च करायची जागा हीच.

पास्कलच्या आकड्यांना फार भुलू नका. आपल्याकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड किंवा मार्बोनाइट फरशी. तिच्यावरून केस आणि धूळ उचलायला अडीच-तीन हजारसुद्धा पुरतात. जास्त ओढ लागते ती जाड गालिच्यांना. केस ब्रशच्या दोन्ही टोकांना, बेअरिंगपाशी, गुंडाळले जातात, तिथे बघा. रबरी रोलर किंवा केस न गुंतणारा ब्रश असेल तर उत्तम. नुसत्या केसाळ ब्रशला दर आठवड्याला कात्री लावावी लागते.

आणि उंबरे मोजा. बहुतेक यंत्रं दोन सेंटीमीटरच्या आसपास चढतात. आपल्याकडे खोल्यांच्या दारात ग्रॅनाइटची पट्टी असते, ती कधी एक असते कधी तीन. पलंग-सोफ्यांखालचं अंतरही मोजा, लायडारच्या यंत्रांना जवळजवळ दहा सेंटीमीटर लागतात.

सहकारनगरकर

मी टेकडीवाल्यांच्या बाजूने. एक चांगलं, खाली. प्राणी जिथे जास्त वेळ असतात आणि आई जिथे असतात तोच मजला रोज झाला पाहिजे. वर ताईंनी सुट्टीच्या दिवशी स्वतः न्यावं. हॉलमध्ये गोंडेवाली सतरंजी असेल तर गोंडे खाली दुमडा.

औंधचा_मामा

मंडळी, मध्येच विचारतो. माझा भाचा न्यू जर्सीहून येतोय, आपोआप रिकामा होणाऱ्या डॉकसकट आणायला सांगू का? तिथे सेलमध्ये बरंच स्वस्त मिळतं.

टेकडीवाला

मामा, डॉकसकट नको. नुसता चार्जिंगचा साधा डॉक बऱ्याचदा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, पण आपोआप रिकाम्या होणाऱ्या डॉकमध्ये स्वतःची मोठी मोटर असते आणि अमेरिकेतला तो डॉक १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर थेट लावला की जळणार. मोठा ट्रान्सफॉर्मर वापरून काही जण चालवतात, पण तो कायम घरात घोंघावत ठेवायचा आणि इथे वॉरंटीही नाही. चीनहून मागवलेल्या काही यंत्रांचं ॲप तिथल्याच सर्व्हरला बांधलेलं असतं, तेही तपासा. इथे घ्या, ज्याचे ब्रश, फिल्टर आणि पिशव्या पुण्यात मिळतात असंच घ्या.

औंधचा_मामा

समजलं. भाच्याला चॉकलेटंच आणायला सांगतो.

ओंजळ

पाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. बाणेर-बालेवाडीकडे टँकरचं पाणी जड असतं. मॉपच्या टाकीत ते रोज घातलं की फरशीवर पांढरट थर येतो आणि आतल्या बारीक नळ्यांत क्षार बसतात. आरओचं वाया जाणारं पाणी आपण फरशी पुसायला साठवतो, ते बादलीला ठीक, या टाकीत नको, त्यात क्षार अजून जास्त. शुद्ध केलेलं थोडं पाणी घाला, टाकी छोटीच असते.

गुरुवारी वीज जाते तेव्हा एक लक्षात ठेवा. वीज परत आली की काही यंत्रं मोठ्याने बोलून चार्जिंग सुरू झाल्याचं सांगतात. झोपलेला कुत्रा दचकतो. ॲपमध्ये आवाज बंद करून ठेवा.

रानजाई

सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगते, म्हणजे पुढे शोधत येणाऱ्यांना उपयोग होईल.

काल फूटपट्टी घेऊन घर मोजलं. खालच्या सगळ्या पट्ट्या दीड सेंटीमीटरच्या आत आहेत, फक्त मागच्या अंगणाच्या दाराचा उंबरा उंच आहे, तिकडे यंत्र जाणारच नाही आणि ते बरंच आहे. आईचा पलंग खालून आठ सेंटीमीटरच आहे, त्याला सुताराकडून पाय लावून घेते. कारण सगळ्यात जास्त धूळ तिच्याच पलंगाखाली असते आणि तिथेच मनी झोपते.

एकच यंत्र घेतेय, लायडारचं, रिकामा होणारा डॉक, रबरी रोलर, कॅमेरा नाही. डॉक हॉलमध्ये. सकाळी मी शेरूला फिरवून आणलं, घर बघितलं, की मी निघण्याआधी सुरू करणार, म्हणजे पहिला अर्धा तास माझ्या डोळ्यासमोर असेल. वरचा मजला रविवारी, जिन्याला फाटक लावून. पायऱ्यांसाठी हातातला छोटा व्हॅक्यूम, आणि त्याचं काम माझा भाऊ करेल, त्याने तसं कबूल केलंय. मावशींना फिनाईलबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, वासाशिवाय पुसल्यासारखं वाटत नाही, पण मांजरांसाठी ऐकलं त्यांनी.

एक शेवटची शंका. फिल्टर धुता येतो असं लिहिलंय. पावसाळ्यात काय करता?

चिकूची_आई

दोन फिल्टर ठेवा आणि आलटून पालटून वापरा. धुतलेला किमान चोवीस तास वाळू द्यायचा, आणि जुलैत तेवढ्यानेही वाळत नाही. ओलसर फिल्टर लावला की केस आणि धूळ त्यावर लगद्यासारखी बसते, वास येतो, मोटरवर ताण येतो. पावसाळ्यात मी धूतच नाही, गॅलरीत नेऊन कडेवर हलकेच आपटते आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडते. मॉपचं कापड मात्र रोज काढून पिळून पंख्याखाली टाका, यंत्राला लावून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या घराला कुबट वास येतो. दिवाळीत रांगोळीच्या जागी बंदी टाका, ती दगडाची पूड फिल्टरची छिद्रं बुजवते. आणि शेरूला पहिल्या दिवशी बंद यंत्राचा वास घेऊ द्यायला विसरू नका. तो कसा वागला ते इथे नक्की लिहा.